उगवलेली वीट

वीट भाजतात, काँक्रीट ओततात, लाकूड कापतात. परंतु भिंतीचे साहित्य कवक, म्हणजे बुरशीवर्गातील सजीव, साच्यात पेरून वाढवताही येते, हे कळल्यापासून बांधकामाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे. आपण आळंबी म्हणून ओळखतो ते कवकाचे केवळ फळ असते. त्याचे खरे शरीर म्हणजे कुजत्या लाकडात किंवा पालापाचोळ्यात पसरलेले पांढऱ्या तंतूंचे जाळे, म्हणजेच कवकजाल, आणि सारे काम करते ते हेच जाळे.

कृती ऐकायला सोपी आहे. लाकडाचा भुसा, पिकाचे काड किंवा मक्याची चिरलेली ताटे ओली करून वाफेवर निर्जंतुक करतात, त्यांत धिंगरी किंवा गॅनोडर्मा यांसारख्या कवकाचे बेणे मिसळतात आणि ते मिश्रण साच्यात भरून उबदार, दमट जागी ठेवतात. तंतू भुशातील सेल्युलोज आणि लिग्निन ही लाकडाची घटकद्रव्ये पचवत पुढे सरकतात, एकमेकांत गुंततात, आणि काही दिवसांतच सुटा भुसा एकसंध ठोकळा होऊन साच्याबाहेर येतो. मग उष्णता देऊन तो वाळवतात; त्यामुळे कवक मरते आणि वाढ थांबते. वाळवण्यात हयगय झाली, तर त्या ठोकळ्यावर आळंब्या उगवू शकतात. येथे डिंक किंवा राळ बाहेरून आणावी लागत नाही, हे मला या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल वाटते. भुशाला बांधून ठेवतात ते हे तंतूच; खेकड्याच्या कवचात असते तेच कायटिन हे चिवट द्रव्य त्यांच्या पेशीभित्तिकेत असते.

मी स्वतः एका लहान डब्यात हा प्रयोग केला. पहिल्या वेळी भुसा पुरेसा वाफवला गेला नव्हता आणि चौथ्याच दिवशी त्यावर हिरवी बुरशी चढली. सगळे टाकून द्यावे लागले. दुसऱ्या वेळी मात्र वर मखमलीसारखी पांढरी साय धरली, आणि वाळल्यावर तो तुकडा हातात घेतला तेव्हा त्याच्या हलकेपणाने मी थक्क झालो. निर्जंतुकीकरणाची शिस्त किती महत्त्वाची असते, हे मला त्या टाकून दिलेल्या डब्याने शिकवले.

आता भार पेलण्याविषयी. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली ‘द लिव्हिंग’ या वास्तुरचना संस्थेने ‘हाय-फाय’ नावाचा सुमारे ४० फूट उंचीचा मनोरा उभारला. त्यात मक्याच्या ताटांवर वाढवलेल्या सुमारे १०,००० विटा होत्या आणि उन्हाळा संपल्यावर त्यांचे खत करण्यात आले. हे उदाहरण मनोहारी असले, तरी त्यावरून कवकाची वीट काँक्रीटची जागा घेईल असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. अशा साहित्याची दाब सोसण्याची क्षमता बहुधा ०.२ मेगापास्कलच्या आसपास असते. साध्या काँक्रीटची २० मेगापास्कल किंवा त्याहून अधिक. शंभरपटीचा हा फरक मान्य करूनच पुढे जावे लागते.

जर्मनीतील कार्ल्सरुहे आणि स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथील संशोधकांनी २०१७ साली दक्षिण कोरियातील सोलमध्ये उभारलेला ‘मायकोट्री’ मला म्हणूनच अधिक विचारी वाटतो. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या त्या रचनेची भूमिती अशी आखली होती, की कवकाच्या भागांवर केवळ दाब यावा, ताण किंवा वाक येऊ नये. जोडांसाठी बांबूचा वापर केला होता. साहित्य दुबळे असेल तर आकाराने त्याला सांभाळून घ्यायचे, हे तत्त्व दगडी कमानी बांधणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

मात्र भार पेलण्याचा आग्रह सोडला, की या साहित्याचे गुण खुलतात. पोकळ्यांत अडकलेल्या हवेमुळे ते उष्णता रोखते आणि आवाज शोषते, त्यामुळे आतल्या भिंतींवर व छताखाली थर्मोकोल किंवा फोम यांच्या जागी ते वापरता येते. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. तो कवक थेट कमी करणार नाही; परंतु पेट्रोलियमपासून बनणारे आणि शतकानुशतके न कुजणारे थर्मोकोलसारखे फलक त्यामुळे टाळता येतील.

खरी अडचण पाण्याची आहे. हे साहित्य पाणी भराभर शोषते, आणि सतत ओले राहिले तर कुजू लागते. त्यावर कृत्रिम रंगाचा जाड थर दिला, तर ते टिकेल. पण मग त्याचे निर्धोक खत होणार नाही, आणि ज्या गुणासाठी ते निवडले तोच गमवावा लागेल. त्यामुळे सध्या तरी ते पावसापासून दूर, कोरड्या भिंतीच्या आत वापरावे आणि पृष्ठभागाला मेण किंवा नैसर्गिक तेल द्यावे, असे माझे मत आहे.