मेल जात नाही? आधी लॉगमधली ती ओळ वाचा

सर्व्हरवरून मेल जाईनासे झाले की बहुतेक जण थेट पोस्टफिक्सची, म्हणजे सर्व्हरवरून मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची, मेन.सीएफ ही सेटिंग्जची फाइल उघडतात. चार ओळी बदलायच्या, रीस्टार्ट करायचं, नाही चाललं की आणखी चार बदलायच्या. कृपा करून असं करू नका. मेल का गेला नाही हे पोस्टफिक्स दर वेळी लिहून ठेवतो. ते न वाचता फाइलला हात लावला तर एका बिघाडाचे तीन होतात.

सुरुवात रांगेपासून करा. 'पोस्टक्यू -पी' चालवलं की अडकलेला प्रत्येक मेल आणि त्याच्याखाली कंसात अडकल्याचं कारण दिसतं. सविस्तर नोंद उबुंटूवर मेल.लॉगमध्ये, रेड हॅटच्या घराण्यात मेललॉगमध्ये. डेबियन १२ वर ही फाइलच सापडली नाही तर घाबरू नका, तिथे नोंदी जर्नलसीटीएलने बघायच्या. त्यात 'स्टेटस' शोधा. 'सेंट' असेल तर पुढच्या सर्व्हरने मेल घेतलाय, मग तो स्पॅममध्ये गेला असला तरी तुमच्या पोस्टफिक्सचं काम झालं. 'डिफर्ड' म्हणजे पुन्हा प्रयत्न होणार. 'बाउन्स्ड' म्हणजे विषय संपला, मेल परत.

क्लाउडवरच्या नव्या सर्व्हरवर सगळ्यात जास्त दिसणारी ओळ असते ती पोर्ट २५ (एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जाण्याची वाट) आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' अशी. 'रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' यांत मोठा फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे कोणीतरी उत्तर दिलं, नाही म्हणून का होईना. टाइम्ड आउट म्हणजे काहीच उत्तर नाही, पॅकेट वाटेत गिळलं गेलं. जीमेल, याहू, आउटलुक सगळीकडे हेच होत असेल तर वाट तुमच्याच दाराशी बंद आहे. गूगल क्लाउड आणि एडब्ल्यूएस बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळातच अडवतात, कारण स्पॅम तिथूनच सुटतो. खात्री करायला एनसी (पोर्ट उघडतो का ते बघणारी कमांड) घेऊन जीमेलच्या एमएक्सचा (मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरचा) पोर्ट २५ आणि तुमच्या रिले सेवेचा (तुमचा मेल घेऊन पुढे पोचवणाऱ्या सेवेचा) ५८७ असे दोन्ही तपासा. पहिला लटकला आणि दुसरा लगेच जोडला गेला तर यूएफडब्ल्यूचे, म्हणजे सर्व्हरच्या फायरवॉलचे, नियम उलटसुलट करत बसण्यात अर्थ नाही. एडब्ल्यूएसकडे बंदी उठवण्याचा अर्ज करता येतो, पण माझ्या मते ५८७ वरून रिले हाच सरळ मार्ग.

मेन.सीएफमध्ये रिलेहोस्ट (मेल कोणत्या रिलेकडे द्यायचा ती सेटिंग) लिहिताना सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात आणि पुढे :५८७. कंस विसरलात तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला जातो आणि भलत्याच दारात उभा राहतो. पासवर्डच्या फाइलमध्येही तेच नाव अगदी तसंच हवं, कंसासकट, पोर्टासकट. एका ठिकाणी कंस आणि दुसरीकडे नाही, असं झालं की पासवर्ड सापडतच नाही. फाइल बदलल्यावर दर वेळी पोस्टमॅप चालवा, म्हणजे तिची डीबी प्रत नव्याने बनते, आणि मूळ फाइल व ती डीबी या दोन्हींची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. टीएलएसची (वाटेतल्या एन्क्रिप्शनची) पातळी 'एन्क्रिप्ट'.

इतकं करूनही लॉगमध्ये 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' आलं तर पासवर्डला दोष देऊ नका. सासलच्या (रिलेकडे लॉगिन करणाऱ्या भागाच्या) सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये मुळात 'नोप्लेनटेक्स्ट, नोअनॉनिमस' असतं आणि बहुतेक रिले तर 'प्लेन' किंवा 'लॉगिन' या साध्या पासवर्डाच्या पद्धतीच मागतात. तिथे फक्त 'नोअनॉनिमस' ठेवा. डेबियन-उबुंटूवर लिबसासल२-मॉड्यूल्स हे पॅकेज आहे का तेही बघा. ५८७ ऐवजी पोर्ट ४६५ वापरायचा असेल तर रॅपरमोड (जोडणी सुरू होतानाच टीएलएस) चालू करावा लागतो, तो पोस्टफिक्स ३.० पासून आहे.

पोर्ट उघडा आहे आणि जीमेल ५५० ५.७.१ देऊन आयपीव्ही६, पीटीआर असं काही म्हणतोय? तुमच्या आयपीव्ही६ पत्त्याला रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद) नाही. तो लावून घ्या, किंवा तोवर इनेट प्रोटोकॉल्स 'आयपीव्ही४' करून पोस्टफिक्स रीस्टार्ट करा. ५.७.२६ आला तर एसपीएफ-डीकेआयएमकडे, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या नोंदींकडे, वळा.

'होस्ट नॉट फाउंड' येतंय पण डिग या डीएनएस तपासणाऱ्या कमांडला तेच नाव सापडतंय, तर सीएचरूट (प्रोग्रॅमला एकाच फोल्डरमध्ये कोंडणं) आठवा. पोस्टफिक्स स्वतःच्या स्पूल फोल्डरमधली रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएस कुठे विचारायचा ते सांगणारी फाइल) वाचतो आणि ती जुनी राहिलेली असते. डेबियनवर सर्व्हिस रीस्टार्ट केली की नवी प्रत तिथे जाते.

४५० किंवा ४५१ या कोडला मात्र काही करू नका. बऱ्याचदा ते ग्रेलिस्टिंग असतं, म्हणजे समोरचा अनोळखी सर्व्हरला मुद्दाम 'थोड्या वेळाने या' म्हणतो. पोस्टफिक्स ३०० ते ४००० सेकंदांच्या अंतराने पाच दिवस प्रयत्न करत राहतो. सारखं फ्लश केलं (रांग जबरदस्तीने पाठवली) तर समोरचा आणखी आखडता हात घेतो.

दुरुस्ती झाली की लगेच सगळी रांग सोडू नका. तिच्यात तीन दिवसांपूर्वीचे ओटीपी आणि तेच तेच क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) मेल साठलेले असतात, ते पोस्टसुपर -डी ने आधी काढा. मग रांगेतल्या एकाच मेलचा आयडी घेऊन 'पोस्टक्यू -आय' चालवा, लॉगमध्ये २५० (समोरच्याने मेल घेतल्याचा कोड) आणि 'सेंट' दिसू द्या, आणि मगच 'पोस्टक्यू -एफ' ने सगळी रांग सोडा.