तुम्ही विचारलंत म्हणून: फळमाशीवर दोन-तीन मित्रकीटक एकत्र सोडावेत का?

"एक परोपजीवी कीटक सोडलाय, आता दुसराही सोडू का? जमिनीत बुरशी आणि सूत्रकृमीही देऊ का?" फळमाशीने हैराण झालेले बागायतदार हे हमखास विचारतात. (परोपजीवी म्हणजे ज्याची पिल्लं दुसऱ्या किडीच्या आत वाढून तिला मारतात असा कीटक, आणि सूत्रकृमी म्हणजे किडींना मारणारे मातीतले अगदी बारीक कृमी.) थोडक्यात उत्तर असं: दोन मित्र किडीच्या वेगळ्या अवस्थेवर आणि वेगळ्या जागी हल्ला करत असतील तर जरूर. दोघं एकाच अळीवर येणार असतील तर दुसऱ्याचा खर्च बहुतेक वाया जातो.

पिवळसर-तपकिरी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही फळमाशी घ्या. साधारण २५ ते २७ अंश तापमानात तिची अंडी दीड-दोन दिवसांत उबतात. अळी आठवडाभर गर खाते, फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या दोन ते पाच सेंटीमीटर थरात कोष करते आणि दहा-बारा दिवसांनी माशी बाहेर येते. आपले मित्र याच वाटेवर वेगवेगळ्या ठिकाणी उभे करायचे आहेत.

फोपियस अरिसानस ही गांधीलमाशीच्या कुळातली इवलीशी माशी फळाच्या सालीखालच्या फळमाशीच्या अंड्यांत आपलं अंडं घालते. त्यातून निघालेली फळमाशीची अळी पुढे वाढते, कोषातही जाते, पण कोषातून फोपियस बाहेर येतो. डायकॅस्मिमॉर्फा लॉन्जिकॉडाटा ही दुसरी परोपजीवी मोठ्या अळीला गाठते. तिची अंडं घालायची नळी शरीरापेक्षा लांब असते, तरी जाड गराच्या मोठ्या फळात खोल बसलेली अळी तिच्या हाती लागत नाही. इथेच दोघींची जोडी जमते: फोपियसला गराची जाडी आड येत नाही, कारण अंडी सालीजवळच असतात, आणि त्याच्या तावडीतून सुटलेल्या अळ्यांपैकी कडेला आलेल्या दुसरीला मिळतात. एकाच अळीत दोघांची पिल्लं आली, तर आधी आलेला फोपियस सहसा दुसऱ्याची वाढ रोखतो. हवाई बेटांवर १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही फळमाशी रोखायला बरेच परोपजीवी आणले गेले. सुरुवातीला लॉन्जिकॉडाटा पुढे होती, मग फोपियस वँडेनबॉशी ही तिसरी परोपजीवी जात आणि १९५० च्या सुमारास अरिसानसने दोघांनाही मागे टाकलं. तरीही फळमाशीवरचा एकूण दाब वाढला.

वेळ चुकली तर सगळं फसतं. अंडी दोन दिवसांत उबतात, म्हणून फळांवर फळमाशीचे डंख दिसू लागण्याआधीच फोपियस बागेत हवा. लॉन्जिकॉडाटा आठवडाभराने सोडा. पूरक सोडणीसाठी आठवड्याला हेक्टरी हजार ते दोन हजार परोपजीवी हे प्रमाण वापरात आहे. सोडण्यापूर्वी नर-मादी दोन-तीन दिवस एकत्र ठेवून त्यांना मधाचं पाणी पाजा. मिलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि नर अळीला काहीच करत नाहीत. परोपजीवींच्या पेट्या झाडाला टांगताना मुंग्यांचा रस्ता तोडा. झाडावरच्या विणकर मुंग्या फळमाशीला अंडी घालू देत नाहीत हे खरं, पण त्या परोपजीवीलाही हुसकावतात. मुंग्यांची वसाहत घट्ट असलेल्या झाडांवर मी परोपजीवी सोडण्याच्या बाजूने नाही.

आता जमिनीचा प्रश्न. सूत्रकृमी खाली पडलेल्या अळीला पटकन पकडतात, कडक झालेल्या कोषात मात्र त्यांना शिरणं अवघड जातं. म्हणून त्यांची आळवणी (पाण्यात मिसळून झाडाखाली ओतणं) फळगळ सुरू होताना, संध्याकाळी, ओल्या मातीत करायची आणि नंतर पुन्हा हलकं पाणी द्यायचं. चौरस सेंटीमीटरला २५ हे सुरुवातीचं प्रमाण. झाडाचा पसारा खोडापासून चारी बाजूंना दोन मीटर असेल तर खालची जागा साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सव्वा लाख चौरस सेंटीमीटर, म्हणजे झाडामागे सुमारे ३१ लाख सूत्रकृमी. पंपाची बारीक गाळणी काढून ठेवा, नाहीतर त्या तिथेच अडकून मरतात. मेटारायझियम ही किडींना रोग लावणारी बुरशी याच जागेत, पण बुरशीनाशकाच्या फवारणीपासून दूर ठेवून द्या.

अडचण अशी की लॉन्जिकॉडाटाने अंडं घातलेली अळीही याच मातीत उतरते. सूत्रकृमी किंवा बुरशीने अळी मेली की आतला परोपजीवीही मेला. यावर उपाय म्हणजे पडलेली फळं दर दोन दिवसांनी उचलून जाळीच्या तंबूत टाकणं. जाळीचं छिद्र असं हवं की परोपजीवी निघून जाईल आणि फळमाशी अडकेल. जाळी लावण्याआधी दोन्ही कीटक तिच्या आत सोडून पाहा. तंबूचा तळ बंद ठेवा, अळ्यांना कोष करायला आत वाळू घाला आणि कडा मातीत पुरा, नाहीतर अळ्या बाहेर सरकतात. मग परोपजीवी तंबूतून परत बागेत जातात आणि झाडाखालच्या जमिनीत सूत्रकृमी निर्धास्त देता येतात. फळं उथळ पुरणं सर्वांत वाईट: त्यातून माश्या वर येतातच.

फळमाशीचे निर्जंतुक (प्रजननक्षमता काढून टाकलेले) नर सोडले असतील तर आणखी एक हिशेब ठेवा. त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी उबत नाहीत, म्हणून त्यांत फोपियसने घातलेलं अंडंही फुकट जातं. अशा बागेत अळीवर येणारी जात अधिक उपयोगी. परोपजीवींमुळे माश्यांची संख्या घटेल तसं वन्य माशीमागे निर्जंतुक नरांचं प्रमाण वाढतं, म्हणून दोन्ही उपाय एकमेकांना बळ देतात.

कोषांतून परोपजीवी किती टक्के निघाले, यावरच समाधान मानू नका. फळं झाडावरची आणि जमिनीवरची वेगळी घ्या, वजन करा, वाळूवर ठेवा, कोष चाळून चार आठवडे सांभाळा. माशी कोषाचं टोपण उघडून निघते, परोपजीवी कुरतडलेलं वेडंवाकडं भोक पाडून. टक्केवारी वाढली, पण किलोमागे निघणाऱ्या माश्या तेवढ्याच राहिल्या, तर तुमची जोडी एकाच अळीवर भांडते आहे. त्यातला एक मित्र बदला.