व्याह्यानं धाडलं घोडं

चिपळूणला आईकडे गेलं की पावसाच्या पहिल्या सरीबरोबर लाईट जाणार, हे गृहीतच असतं. या खेपेला दुपारी दीडला गेली, आणि मला साडेचारच्या आत एक भाषांतर पाठवायचं होतं. लॅपटॉप पूर्ण चार्ज होता, पाच तास कुठे गेले नाहीत म्हणून मी निवांत ओटीवर बसले. अडीचला सहज पाहिलं तर बॅटरी अठ्ठावन्न टक्के.

तेव्हा कुठे माझं लक्ष लॅपटॉपच्या कडांकडे गेलं. एका बाजूला जुन्या फोटोंची हार्ड डिस्क, दुसऱ्या बाजूला आईचा फोन, आणि जास्तीची यूएसबी पोर्टं देणाऱ्या हबवर बिनवायरच्या माऊसचं डोंगल न् वीतभर उंचीचा पंखा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

हिशेब मांडून बसले. (काम सोडून असले हिशेब करायला मला फार आवडतं.) बॅटरी नवी होती तेव्हा 50 वॅट-तासांची, आता चाळिशीला आलीय. नुसतं टायपिंग करायला साधारण 8 वॅट लागतात, म्हणजे पाच तास. यूएसबी 3.0 चं पोर्ट 5 व्होल्टला 900 मिलीअँपिअर, म्हणजे 4.5 वॅट देतं. ते सगळे आईचा फोन पीत होता. त्यातही या घागरीतलं त्या घागरीत ओतताना थोडं सांडतंच, फोनची पाठ उगाच गरम होत नाही. पंख्याचे अडीच, डिस्कचे दोन. एकूण सतरा. पाच तासांचे झाले जेमतेम दोन तास वीस मिनिटं!

डिस्कचा तर मी विचारच केला नव्हता. तिच्यातली एकही फाईल उघडलेली नव्हती. पण हात ठेवला तर आत बारीक थरथर. कोणी काही मागो न मागो, आतली तबकडी फिरतच होती.

डोंगल मात्र आतल्या गाठीचं. नखाएवढं, स्वतः जवळजवळ काहीच खात नाही; माऊसलाही त्याचा वेगळा सेल. पण दोन अक्षरांच्या मधल्या फटीत प्रोसेसर चक्क डुलकी काढतो, आणि बॅटरी वाचते ती या डुलक्यांवर. वापरात नसलेल्या उपकरणाला झोपवायची सोय विंडोजमध्ये असते. तरी काही डोंगलं झोपत नाहीत, आणि प्रोसेसरलाही गाढ झोपू देत नाहीत. रात्रभर खोकणारा पाहुणा जेवतो दोन घासच, पण त्याच्यापायी अख्खं घर जागं.

डिस्क काढली, डोंगल काढलं, पंखा काढताना जिवावर आलं. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणला. मग फोनच्या वायरला हात घातला.

"अगं, राहू दे ना! दादाचा फोन यायचाय."

"आई, माझं काम अडकलंय."

"एवढ्याशा फोनला असं किती लागतंय?"

साडेचार वॅट, असं तोंडावर आलं होतं. वायर तशीच ठेवली.

चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनच्या नेटवरून फाईल गेली. लॅपटॉपमध्ये सहा टक्के उरले होते. आईचा फोन एकोणऐंशीवर.

"झालं ना तुझं काम?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग आता शंभर होईपर्यंत राहू दे."