जिप्सीचे पाटे घरीच बदलले

गेली दोन वर्षं आमच्या जिप्सीच्या मागच्या बाजूने 'कट्' असा एक आवाज यायचा. डांबरी रस्त्यावर कधीच नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाटाच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला आमच्या बागेचा फाटा लागतो, तिथून पुढे अडीच किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता आहे. त्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर आलं की हा आवाज हमखास. दोन गॅरेजांत दाखवून झालं. एकाने बुश, म्हणजे सांध्यांतली रबरी अस्तरं, बदलायला सांगितले, दुसऱ्याने 'जिप्सी आहे, वाजणारच' म्हणून वाटेला लावलं.

आवाजाचं मला तितकं वाटलं नसतं. पण आईच्या पाठीचं दुखणं वाढलं आणि तिने बागेत येणं सोडलं. तिने स्वतः लावलेली कलमं आहेत ती. 'गाडीत बसले की मणके मोजून घेते,' असं ती म्हणाली, त्या दिवशी मी ठरवलं की या गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लवचीक पोलादी पट्ट्या, आणि शॉकअप बदलायचे, आणि घरीच बदलायचे, म्हणजे खाली नक्की काय चाललंय ते डोळ्यांनी दिसेल.

गाडी २००४ची, एमपीएफआय किंग मॉडेलची. आमच्याकडे आली २०१३ साली. आधीचा मालक तिच्यातून चिरे वाहायचा आणि त्यासाठी त्याने मागच्या पाट्यांत एकेक जास्तीचा पाटा घालून घेतला होता. जिप्सी रिकामी असताना जेमतेम एक टनाची गाडी, त्यामुळे ओझं नसताना ते पाटे दबतच नव्हते. पुढे-मागे दोन चाकांना जोडणारे अख्खे अ‍ॅक्सल आणि चारी बाजूंना पाटे, अशी तिची रचना. पाटा लवला नाही की खड्ड्यावरून जाताना चाक जमीन सोडतं. आणि फोर व्हील लावलेलं असलं तरी हवेतलं चाक नुसतं गरगरतं, कारण डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर, ताकद सोडतं ती जिकडे अडथळा कमी तिकडे. पावसात आमच्या शेवटच्या चढावर गाडी अडायची ती यामुळे. टायरला दोष देऊन मी एकदा टायरही बदलले होते.

गाडी उंच करण्याचा सल्ला देणारे खूप भेटले. चार इंच उचला, अ‍ॅक्सल पाट्यांच्या खाली घ्या, मोठे टायर घाला. मला ते नको होतं. एक तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९च्या जानेवारीत ते स्पष्ट केलं आहे. दुसरं म्हणजे मला उंची नकोच होती. चाकाला खालीवर हलायला मोकळीक हवी होती, म्हणजे ते जमिनीला धरून राहील. म्हणून कंपनीच्याच मापाचे पण मऊ पाट्यांचे चार नवे संच, गॅसचे चार शॉकअप, पाटे आवळून धरणारे नवे यू-बोल्ट, नवे बुश आणि मूळ लांबीचेच शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारा हलता दुवा) एवढंच घेतलं. पुण्याला नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या. सगळं मिळून ४१ हजार रुपये लागले.

बुशच्या बाबतीत मी बराच विचार केला. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, रबराचे चिरतात, असं दुकानदार सांगतो. ते खरं आहे. पण पाटा फक्त खालीवर होत नाही, गाडी वाकड्यातिकड्या जागी गेली की तो पिळतोही, आणि तो पीळ बुशनेच झेलायचा असतो. रबर तिथे लवतं, पॉलियुरेथेन अडून बसतं. शिवाय त्याला वेळोवेळी ग्रीस लागतं, नाहीतर चिखलपाण्यात ते कुईकुई करायला लागतं. मी रबरच घेतलं. चार वर्षांनी पुन्हा बदलावं लागलं तर बदलेन.

काम दिवाळीनंतर काढलं. पाऊस सरलेला, अंगण सारवून कोरडं झालेलं आणि भाचा सुट्टीवर आलेला. शेजारचे अण्णा एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेत. त्यांनी आयुष्यभर बसचे पाटे चढवले-उतरवले. मी त्यांना फक्त बघायला बोलावलं होतं. ते खुर्ची घेऊन आले आणि पाचही दिवस बसले.

सुरू करण्याआधी, गाडी किती पिळली की चाक जमीन सोडतं याचं एक मोजमाप करून ठेवलं, ते पुढे फार उपयोगी पडलं. पुढचं डावं चाक जॅकने उचलायचं, खाली जांभ्याचा चिरा आडवा ठेवायचा, वर फळी टाकायची आणि चाक त्यावर टेकवायचं. मग दुसरा चिरा. मागच्या डाव्या चाकाखाली कागदाची घडी सरकवलेली. दुसऱ्या चिऱ्यावर, म्हणजे साधारण चौदा इंचांवर, कागद अलगद ओढून निघाला. चाकावर भार उरलाच नव्हता.

आधी तीन दिवस संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत होते. कोकणातला गंज म्हणजे नुसता तांबडा रंग नव्हे, तो लोखंडाला लोखंड चिकटवतो. यू-बोल्टचे नट लांब पाइप लावून सुटले. मागच्या पाट्याचा पुढचा बोल्ट मात्र हलेना. म्हणजे तो फिरायचा, आणि सोडला की परत जागेवर यायचा. मला वाटलं आटे गेले. अण्णांनी खुर्चीतूनच सांगितलं, "बाय, बोल्ट नळीला चिकटलाय. तू बोल्ट नाही फिरवत, रबर पिळत्येस."

बुशच्या आत एक लोखंडी नळी असते, तिच्यातून बोल्ट जातो. वीस वर्षांत दोन्ही एकजीव झाले होते. अशा वेळी गॅरेजवाले सरळ गॅसने तापवतात किंवा ग्राइंडर लावतात. पण जिप्सीची पेट्रोलची टाकी मागेच, खाली असते. तिथे ठिणगी उडवायची माझी तयारी नव्हती. म्हणून हॅकसॉचं पातं हातात धरून, पाट्याचा डोळा (टोकाचं वेटोळं) आणि त्याच्या कंसाच्या फटीतून, बोल्ट दोन्हीकडून कापला. उताणं पडून, डोळ्यांवर गॉगल लावून, एका बाजूला दीड तास. भाच्याने आणि मी आळीपाळीने पातं ओढलं. दुसऱ्या बाजूचा तसाच चिकटलेला निघाला तेव्हा दोघंही काही बोललो नाही, नवं पातं काढलं.

गाडी कशी उचलली ते सांगायला हवं, कारण यात हयगय झाली तर माणूस जातं. चासीखाली दोन स्टँड, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि जॅक फक्त अ‍ॅक्सल तोलण्यासाठी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली एकदाही हातसुद्धा घालायचा नाही, हे भाच्याकडून कबूल करून घेतलं होतं. एका वेळी एकच बाजू सोडली. जिप्सीत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात, त्यामुळे यू-बोल्ट काढले की खालची प्लेट आणि पाटा उतरतो आणि अ‍ॅक्सल जॅकवर राहतो. तो ब्रेकच्या होजवर (तेलाच्या रबरी नळीवर) लटकणार नाही याकडे सतत लक्ष ठेवावं लागतं.

जुना पाटा अंगणात घेतला तेव्हा अण्णा पहिल्यांदा खुर्चीतून उठले. सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टला हात लावायच्या आधी त्यांनी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळायला लावले, आणि मला बाजूला उभं केलं. पाटे एकमेकांवर दाबून बांधलेले असतात, बोल्ट सुटताच ते उसळतात. क्लॅम्प हळूहळू सैल केले. पाटे वेगळे झाले आणि आतून तांबड्या पापुद्र्यांचा चुरा पडला. प्रत्येक पाट्याचं टोक जिथे वरच्या पाट्यावर घासत होतं तिथे पायरीसारखी खाच पडलेली. अशा खाचांत टोक अडकतं आणि पाटे एकमेकांवरून सरकायचे थांबतात. सरकलेच नाहीत तर लवणार कुठून?

आणि तिसरा पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी आरपार मोडलेला होता. दोन तुकडे. वरखालच्या पाट्यांनी दाबून धरल्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हतं, फक्त गाडी पिळली की तुकडे हलायचे आणि 'कट्' वाजायचं. भाच्याने दोन्ही तुकडे हातात घेऊन एकमेकांवर आपटून दाखवले. अगदी तोच आवाज. मी आईला हाक मारली. ती पडवीत येऊन बघून गेली.

पाटा नेहमी तिथेच मोडतो, अण्णांचं म्हणणं. भोक पाडलं की तिथे पोलाद कमी होतं. त्यात यू-बोल्ट सैल असले तर पाटा अ‍ॅक्सलच्या बैठकीवर सतत हलत राहतो आणि सगळा ताण त्या भोकावर येतो. आमचे यू-बोल्ट खरंच सैल होते.

नवे पाटे लावताना आधी जुन्यावर टेप धरून सेंटर बोल्टपासून दोन्ही डोळ्यांपर्यंतची लांबी घेतली. तो बरोबर मध्ये असेल असं गृहीत धरायचं नाही, उलटा लागला तर अ‍ॅक्सलच पुढेमागे होतो. नव्या पाट्याची कमान जास्त, त्यामुळे तो आखूड भासतो आणि शॅकल जागेवर येत नाही. पाट्याखाली दुसरा जॅक लावून त्याला किंचित सपाट केलं. अ‍ॅक्सल दोन बोटं बाजूला सरकला होता, तो ट्रकवर माल बांधायच्या पट्ट्याने ओढून आणला. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात 'टक्' करून बसलं. यू-बोल्ट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळत गेले आणि शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) लावला. जुने यू-बोल्ट परत वापरले नाहीत. एकदा ताणलेला यू-बोल्ट तसा धरत नाही.

मागचं काम तीन दिवसांत झालं. पुढच्या पाट्यांना एक दिवस लागला, आणि त्या घाईत माझ्याकडून चूक झाली. अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट नुसते हाताने लाव. आवळायचे ते गाडी स्वतःच्या पायावर उभी राहिल्यावर." मागे मी तसं केलं होतं. पुढे उजवीकडे अंधार पडत आला म्हणून चाक हवेत असतानाच बोल्ट पुरते आवळले. दुसऱ्या दिवशी गाडी उजवीकडून अर्धा इंच उंच दिसायला लागली आणि स्टिअरिंग फिरवताना कुरकुर. आवळल्यावर बुशची नळी जागच्या जागी धरली जाते आणि रबर त्या स्थितीपासून दोन्हीकडे पिळतं. चाक लोंबकळताना आवळलं तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट सोडले, गाडी दोनदा दाबून हलवली, परत आवळले. अर्धा इंच गेला. अण्णा काही बोलले नाहीत, याचं मला जास्त लागलं.

मूळ लांबीचेच शॅकल का, तेही सांगते. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल पुढे झुकतो. त्याने कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि गाडी सरळ धरून चालायची सोडते. उंची मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून लोक हेच करतात आणि मग हायवेला स्टिअरिंग थरथरतं.

स्टिअरिंगचं थोडं काम तरीही निघालं. जुने पाटे बसलेले होते, नव्यांनी गाडी साधारण सव्वा इंच वर आली, आणि ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा, कोन बदलून स्टिअरिंग एका बाजूला वळलेलं राहिलं. स्टिअरिंग काढून सरळ लावणं सोपं होतं. पण मग आतला स्टिअरिंगचा गिअरबॉक्स मध्यावर राहत नाही. लिंकच्या दोन्ही टोकांचे लॉकनट सोडून ती फिरवून लांबी जुळवली, नट परत आवळले आणि नंतर चिपळूणला अलाइनमेंट करून आणली. पुढची चाकं लोंबकळत सोडून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं तर डावा ब्रेक होज ताठ होत होता. दोन्ही होज लांब मापाचे मागवून घातले, ब्रेकमधली हवा काढली. त्यासाठी दोन दिवस गाडी अंगणातच उभी राहिली, पण ताठ होजवर ती बाहेर काढायची नव्हती.

मग परत चिरे आणले. दुसऱ्या चिऱ्यावर कागद हलला नाही. तिसऱ्यावर, एकवीस इंचांवर, भाच्याने जोर लावला तेव्हा तो फाटला, निघाला नाही.

बागेचा रस्ता आधी एकटीने केला. आवाज नाही. शेवटच्या चढावर गाडी फोर व्हीलच्या लो गिअरमध्ये टाकली आणि चाकं एकेक करून दगडांवरून उतरताना जाणवत होती, आदळत नव्हती. दुसऱ्या दिवशी आईला पुढे बसवलं. फाट्यापर्यंत तिने वरचा दांडा घट्ट धरला होता. अर्ध्या रस्त्यात तो सोडून ती बाहेर बघायला लागली आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या कलमाला बांडगूळ आलंय, तुम्हाला दिसलं नाही का कोणाला?"

दोनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्टना पुन्हा टॉर्क पाना लावला. नवे पाटे बसतात तसा सैलपणा येतोच. मागचे दोन नट जवळजवळ पाव फेरा फिरले, पुढचे हलले नाहीत. सगळ्या नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली आहे, म्हणजे पुढच्या वेळी वाकून नुसतं बघितलं तरी कळेल. बांडगूळ रविवारी काढलं.