प्रकल्पाचा विषय बेतायचा कसा

विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांची कोणतीही यादी उघडा, तीच नावे दिसतात. इतिहासात फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, पहिल्या महायुद्धाची कारणे. साहित्यात एखाद्या कादंबरीतला एकटेपणा किंवा तिच्यातली स्त्रीपात्रे. विज्ञानात प्रकाशसंश्लेषण आणि लंबक. समाजशास्त्रात मोबाइल आणि झोप. हे विषय घासून गुळगुळीत झालेत असे अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. हे विषय टिकले, कारण त्यांची साधने मिळतात: छापील अहवाल, पत्रे, अनेक आवृत्त्या आणि घरी करता येतील असे प्रयोग. प्रकल्प फसतो तो विषय न बेतता तसाच अंगावर घेतल्यामुळे. कपडा बेतताना आधी कापड किती आहे ते बघतात. इथे कापड म्हणजे पुरावा.

म्हणून प्रश्न लिहिताना त्यात चार गोष्टी आल्या आहेत का ते तपासावे: कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, आणि कशावरून. पहिल्या तीन बहुतेकांना सुचतात. चौथी राहून जाते, आणि मग आठ-दहा दिवस वाचन झाल्यावर कळते की प्रश्न छान आहे, पण उत्तर देणारा कागदच हाताशी नाही.

औद्योगिक क्रांती घ्या. ‘औद्योगिक क्रांतीचे परिणाम’ हा विषय २,००० शब्दांत मावत नाही. त्यातून फक्त बालकामगार घेतले तरी पसारा मोठाच राहतो. आणखी एक घडी घाला: ब्रिटनमधल्या कापड गिरण्या आणि १८३३ चा कारखाना कायदा. या कायद्याने ९ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत ठेवायला बंदी केली (रेशमाच्या गिरण्या यातून वगळल्या होत्या), ९ ते १३ वयाच्या मुलांचे काम आठवड्याला ४८ तासांवर आणले आणि देखरेखीसाठी चार निरीक्षक नेमले. इथपर्यंतची माहिती प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मांची सरकारी नोंदणी सुरू झाली जुलै १८३७ मध्ये. मग १८३४ साली गिरणीच्या दारात उभे असलेले मूल ९ वर्षांचे आहे की ७, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? डॉक्टर मुलाची अंगकाठी बघून दाखला देत. १८३७ मध्ये एका दंतवैद्याने दातांवरून वय ओळखण्याची पद्धत संसदेपुढे मांडली. ‘१८३३ ते १८४४ या काळात गिरण्यांमध्ये मुलांचे वय कसे ठरवले जाई आणि त्यात पळवाटा कोणत्या होत्या?’ हा प्रश्न याच जुन्या विषयातून निघतो. त्याला साधनही आहे, कारण निरीक्षकांचे अहवाल छापले जात आणि त्यांतले बरेच आज संगणकावर वाचता येतात.

त्याच विषयातला नेहमीचा खड्डाही सांगायला हवा. बालकामगारांवरच्या बहुतेक प्रकल्पांत १८३२ च्या सॅडलर समितीपुढच्या, म्हणजे गिरण्यांतल्या मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढच्या, साक्षी येतात. त्या वाचून जीव कासावीस होतो, आणि त्या वाचायलाच हव्यात. पण त्या साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या. गिरणीमालकांनी समितीवर एकतर्फीपणाचा आक्षेप घेतला आणि १८३३ मध्ये सरकारने वेगळा आयोग नेमून गिरण्यांची पुन्हा पाहणी केली. म्हणून साक्षी खोट्या ठरत नाहीत. मात्र ती साक्ष कोणी, कशासाठी, कोणापुढे दिली हे एका वाक्यात लिहिले नाही, तर प्रकल्पात उरतात त्या नुसत्या करुण गोष्टी. एकाच मुद्द्यावर समितीचा उतारा आणि आयोगाचा उतारा शेजारी शेजारी ठेवावा. कुठे जुळतात, कुठे नाही, तेवढ्यावर दोन पाने सहज होतात.

फ्रेंच राज्यक्रांतीलाही हेच लागू पडते. ‘कारणे’ लिहू नका. १७८९ च्या वसंतात ठिकठिकाणच्या लोकांनी राजाकडे पाठवलेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्या आहेत. त्यांतल्या एखाद्या खेड्याची आणि एखाद्या शहराची वही घेऊन कोणती गाऱ्हाणी आधी येतात ते बघा. महायुद्धाच्या बाबतीत २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ (ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येपासून ब्रिटन युद्धात उतरेपर्यंत) एवढेच आठवडे पुरतात, आणि त्यांतही एकाच राजधानीतला पत्रव्यवहार घेतला तर काम आवाक्यात येते.

साहित्यात सगळ्यात जास्त फसगत ‘अमुक कादंबरीतील अमुक विषय’ या मथळ्याने होते. असा मथळा घेतला की कथा सांगण्यातच निम्मी पाने जातात. त्याऐवजी बांधणीकडे बघावे: कोण सांगते, कोणाला सांगते, काय सांगायचे राहते. आणि त्याआधी हातातली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे ते पाहावे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही अभ्यासासाठी नेहमी निवडली जाणारी कादंबरी १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय निघाली आणि १८३१ मध्ये मेरी शेलीने ती बदलून पुन्हा छापली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नायकाची आतेबहीण आहे, १८३१ च्या आवृत्तीत ती सांभाळायला आणलेली अनाथ मुलगी आहे. कुटुंब आणि रक्ताचे नाते यावर लिहिणाऱ्याने आवृत्ती सांगितली नाही तर त्याचा अख्खा युक्तिवाद हवेत राहतो. दोन आवृत्त्यांतले एकच प्रकरण ओळीला ओळ लावून वाचणे हा स्वतंत्र आणि उत्तम प्रकल्प आहे. उतारा घेताना एक साधा नियम पाळावा: जेवढ्या ओळी उद्धृत केल्या, निदान तेवढ्याच ओळी त्यातल्या शब्दांवर लिहायच्या. कथेवरच्या ओळी त्यात धरायच्या नाहीत.

विज्ञानाच्या प्रकल्पात बेतणे म्हणजे एकच गोष्ट बदलणे आणि बाकीच्या खरोखर स्थिर ठेवणे. वाचताना सोपे वाटते, करताना नाही. प्रकाशसंश्लेषणासाठी पानाच्या चकत्या तरंगवण्याचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात मोजायला स्पष्ट आकडा मिळतो. ३०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. हे ०.२ टक्क्यांचे द्रावण झाले. सोड्यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एकच थेंब टाका. कागदाला भोक पाडायच्या पंचने पालकासारख्या मऊ, ताज्या पानाच्या १० चकत्या काढा, जाड शिरा टाळा. सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये चकत्या घालून दट्ट्या हलकेच आत ढकला, थोडे द्रावण ओढा, हवा बाहेर काढा. मग सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढा, दहा सेकंद धरा, हलवा आणि दट्ट्या सोडून द्या. पानातल्या पोकळ्यांमधली हवा निघून द्रावण आत शिरते आणि चकत्या बुडतात. दोन-तीनदा करावे लागते. आता त्या द्रावणासकट पारदर्शक पेल्यात ओता, वर दिवा लावा आणि दर मिनिटाला किती चकत्या वर आल्या ते लिहा. तयार झालेल्या ऑक्सिजनने त्या तरंगतात. दहापैकी पाच वर यायला लागलेला वेळ हा तुमचा आकडा. सोडा नसलेल्या, पण साबण घातलेल्या पाण्यात असाच दुसरा पेला ठेवायचा, तुलनेसाठी.

बिघडते कुठे? चकत्या बुडतच नसतील तर साबण कमी पडला आहे किंवा दट्ट्या ओढताना बोट निसटते आहे. फेस झाला तर साबण जास्त झाला. त्या फेसाचे बुडबुडे चकत्यांना चिकटून त्यांना खोटेच वर आणतात. दट्ट्या फार जोरात दाबला तर चकत्या चुरगळतात. पण खरी चूक या सगळ्यांपेक्षा लपलेली असते. प्रकाश बदलायचा म्हणून दिवा जवळ आणला की पाणीही तापते, म्हणजे एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या. एलईडी दिवा वापरा, पेला आणि दिवा यांच्यामध्ये पाण्याचे पारदर्शक सपाट भांडे ठेवा आणि प्रत्येक फेरीत तापमान लिहा. शिवाय दिवा १० सेंटिमीटरवरून २० वर नेला तर प्रकाश निम्मा होत नाही, लहान दिव्यासाठी तो सुमारे एक चतुर्थांश होतो. आलेखात नुसते अंतर घेतले तर रेषा वेडीवाकडी येते आणि विद्यार्थी समजतो प्रयोगच चुकला.

लंबकाबद्दल थोडक्यात. एका दोलनाचा वेळ मोजू नका, २० दोलनांचा मोजा. बोटाची ०.२ सेकंदांची चूक मग दर दोलनामागे ०.०१ उरते. कोन १० अंशांच्या आत ठेवा. पाच वेगवेगळ्या लांब्यांसाठी लांबी आडव्या अक्षावर आणि आवर्तकालाचा (एका दोलनाच्या वेळाचा) वर्ग उभ्या अक्षावर घ्या. रेषेचा चढ मीटरमागे साधारण ४ येतो. अनेक जण लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंतच मोजतात, गोलकाच्या मध्यापर्यंत नाही. तरीही चढ बरोबरच येतो, फक्त रेषा शून्यातून न जाता थोडी वर सरकते. ती किती सरकली त्यावरून राहून गेलेली लांबी काढता येते. आपली चूक आलेखातच सापडते, आणि अहवालात हा भाग निष्कर्षाइतकाच मोलाचा असतो. तो लपवू नये.

समाजशास्त्रातल्या प्रश्नावलीचा मोह मोठा असतो, कारण एका संध्याकाळी १०० उत्तरे जमतात. मित्रांच्या गटात फिरवलेली प्रश्नावली मित्रांबद्दलच सांगते. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज साफ चुकला. अंदाजात हरणारे रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांचे होते, आणि उत्तर पाठवणारेही आपणहून पाठवणारे. संख्येने ही खोट भरून निघत नाही. नमुना खरोखर यदृच्छेने (चिठ्ठ्या टाकल्यासारखा) निवडला असला तरी १०० जणांच्या टक्केवारीत सुमारे १० टक्के इकडेतिकडे धरावे लागते, ४०० जणांत ५. म्हणून ‘५४ टक्के विरुद्ध ४६ टक्के’ यावर निष्कर्ष उभा करू नका.

प्रश्नांची भाषाही तपासायला हवी. ‘रात्री मोबाइल वापरल्याने तुमची झोप बिघडते का?’ यात उत्तर आधीच सांगून टाकले आहे. ‘काल दिवा मालवण्याआधीच्या एका तासात किती मिनिटे मोबाइल हातात होता?’ आणि, मध्ये दुसरे दोन प्रश्न टाकून, ‘काल किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात?’ असे विचारा. कालचे आठवते, ‘सहसा’ चे आठवत नाही. नावे घेऊ नका, उत्तर न देण्याची मुभा पहिल्याच ओळीत द्या, आणि उत्तर देणारे लहान वयाचे असतील तर पालकांची परवानगी आधी घ्या. प्रश्नावली सगळ्यांना देण्यापूर्वी पाच जणांना द्या आणि प्रत्येक प्रश्न त्यांना स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगायला लावा. जिथे दोघांनी दोन अर्थ सांगितले तो प्रश्न नव्याने लिहायचा, आणि या पाच जणांची उत्तरे अंतिम मोजणीत धरायची नाहीत.