आमची वाटचाल : सांगलीतला दवाखाना आणि त्याबाहेरचा फळा

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी आणि माझ्या वर्गमित्राने २०११ मध्ये सांगलीत विश्रामबागला एक गाळा भाड्याने घेतला. कर्जाच्या पैशातून पहिली खरेदी केली ती फ्रीज आणि इन्व्हर्टरची. टेबल, खुर्च्या, पाटी हे सगळं नंतर आलं. दिवस भारनियमनाचे होते आणि लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. तापलेली लस टोचून पैसे घेणं ही मालकाची आणि मुक्या जिवाची, दोघांची फसवणूक आहे, हे तेव्हापासून आमच्या दवाखान्यात पक्कं आहे.

सुरुवातीला काम मोठ्या जनावरांचंच जास्त. डिग्रज, समडोळी, दुधगावातून फोन यायचे, गाय अडली आहे, म्हैस चारा खात नाही. मित्र मोटारसायकलला बॅग अडकवून निघायचा आणि मी दवाखान्यात कुत्री-मांजरं बघायचे. ती यायची तीही बहुतेकदा फार उशिरा. पार्व्हो हा विषाणूचा आजार झालेलं कुत्र्याचं पिल्लू टेबलावर एकदा पाहिलं की विसरता येत नाही. डोळे खोल गेलेले, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, रक्ताची हगवण आणि तिचा तो उग्र वास. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि ऊब देत राहायचं. विषाणूवर थेट औषध आमच्या हाती नाही. हे टाळायला पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस आणि पुढे चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बाकीच्या, एवढंच लागतं. ते मालक निष्काळजी नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून दाराबाहेर फळा लावला आणि त्यावर खडूने त्या-त्या हंगामातली बातमी लिहायला लागलो. एप्रिलमध्ये, कुत्र्याला दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवू नका. पावसाळ्यात, गोचीड दिसली, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर रक्त तपासून घ्या. आणि बारा महिने न पुसली जाणारी ओळ : मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका, तुकडाही जीव घेतो. समोरच्या थांब्यावरचे रिक्षावाले दादा फळा वाचतात आणि घराघरांत पोचवतात. कितीतरी पिल्लं आमच्याकडे वेळेवर आली ती त्यांच्या सांगण्यावरून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. आमचा गाळा कोरडा राहिला, गावभागात मात्र माणसं कुत्र्या-मांजरांसह वरच्या मजल्यांवर अडकली होती. जनावर बरोबर घेता येत नसेल तर बोटीत पाऊल टाकणार नाही, असं म्हणणारी घरं आम्ही पाहिली आहेत आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. ओळखीच्या प्रत्येक गोठ्यात एकच निरोप दिला : पाणी चढायला लागलं की दावी सोडा. मोकळं जनावर उंचावर जाण्याची धडपड तरी करतं, बांधलेलं जागीच बुडतं. पूर ओसरल्यावर गाळातल्या जखमा, अळ्या पडलेली कातडी आणि लेप्टोची भीती. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा हा रोग कुत्र्याला होतो तसाच माणसालाही होतो. तेव्हापासून कुत्र्यांना लेप्टोच्या लसीचा वार्षिक डोस पावसाळ्याआधी द्यायची सवय आम्ही लावली.

२०२२ मध्ये लम्पी हा गायीगुरांचा त्वचेचा साथरोग आला. गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली जात होती आणि शहरात लोक दूध बंद करत होते. लम्पी माणसाला होत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्या, हे दोन महिने फळ्यावर होतं.

सगळ्यात जवळचं काम रेबीजचं. २८ सप्टेंबरला, रेबीजची लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, आम्ही आसपासच्या गल्ल्यांत भटक्या कुत्र्यांना मोफत लस देतो. इथे खरी डॉक्टर असते ती त्यांना रोज खाऊ घालणारी आजी. ती नावाने हाक मारते, कुत्रं पोळीच्या तुकड्यात गुंतलेलं असतं, तेवढ्यात सुई टोचून होते. पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा टोचलं जात नाही. परिसरातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, म्हणून एकही गल्ली सोडून चालत नाही.

शाळांतही जातो. कुत्रं चावलं की आजही जखमेवर तिखट किंवा चुना लावणारी घरं आहेत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, हे आम्ही करून दाखवतो. घड्याळ लावून नळाखाली हात धरला की १५ मिनिटं किती मोठी असतात ते मुलांना कळतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचवणं जवळपास अशक्य असतं, हेही न घाबरवता, पण स्पष्ट सांगतो.

आता कामात मांजरं खूप वाढली आहेत. कुत्र्यांच्या भुंकण्याने ती टेबलावर थरथर कापतात, म्हणून दुपारी दोन ते चार ही वेळ फक्त त्यांची ठेवली आहे. येताना मांजर पिशवीत कोंबून आणू नका. झाकणाची टोपली आणि आत घरातलं एखादं वापरलेलं फडकं पुरतं. लसीचं जुनं कार्ड हरवलं असलं तरी या, नवं करून देऊ.