उलटा के

९ जुलै २०२३, रविवार रात्र, बॅटन रूज

झालं एकदाचं. पॉल स्कीन्स बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये (मोठ्या लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तो) पहिला, पिट्सबर्ग पायरेट्सकडे. आणि लगेच दुसऱ्या नंबरला वॉशिंग्टननं आपल्या डिलन क्रूजला उचललं, एकाच कॉलेजचे दोघं पहिले दोन असं आजवर कधीच झालं नव्हतं म्हणे. आपल्या म्हणतोय मी, एलएसयूत (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, दोघं इथलेच) येऊन वर्षसुद्धा झालं नाही आणि आलो तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

फेब्रुवारीत रूममेट (सांगलीचा आहे, फुकट तिकीट म्हटलं की कुठेही येतो) मला ओढत आमच्या युनिव्हर्सिटीच्या ॲलेक्स बॉक्स स्टेडियमला घेऊन गेला. शुक्रवार होता. इथे मुख्य पिचर (म्हणजे बॉलर) आठवड्यातून एकदाच उतरतो, शुक्रवारी, म्हणजे आमचे सगळे शुक्रवार स्कीन्सचे. साडेसहा फुटाचा माणूस, ताशी १०० मैलांनी बॉल सोडतो आणि तोच हात, तीच ॲक्शन ठेवून स्लायडर (वळणारा बॉल) टाकतो, बॅटर बिचारा हवेत बॅट फिरवून मोकळा. शेजारी एक म्हातारे गृहस्थ वहीत पेन्सिलनं काहीतरी लिहीत होते, त्यांनी शिकवलं, तीन स्ट्राइकवर बॅटर बाद, म्हणजे स्ट्राइकआऊट, झाला की इंग्रजी के काढायचा, पण बॅटरनं शेवटच्या बॉलला बॅट हलवलीच नाही, नुसता बघत उभा राहिला, तर के उलटा काढायचा. तो उलटा के मला जाम आवडला. तेव्हापासून मी पण वही घेऊन बसायला लागलो, असाइनमेंट गेली खड्ड्यात.

स्कीन्स आधी एअर फोर्स ॲकॅडमीत होता, तिथे पिचर पण आणि कॅचर (विकेटकीपरसारखा) पण. फायटर पायलट व्हायचं होतं त्याला. पण तिथे दोन वर्षांनंतर थांबलास तर पुढे नोकरी बांधील, म्हणून सोडून इकडे आला आणि फक्त बॉलिंग (सॉरी, पिचिंग) केलं. सीझन संपला तेव्हा २०९ स्ट्राइकआऊट, ईआरए १.६९, म्हणजे नऊ इनिंगमागे धड दोन रन पण नाहीत. डिक हाऊजर ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची) मिळाली. गोल्डन स्पाइक्स (हौशी खेळाडूंमधल्या सर्वोत्तमाचं बक्षीस) मात्र क्रूजला, त्यावर रूममेटनं दोन दिवस डोकं खाल्लं. मला विचाराल तर बरोबरच झालं, .४२६ची बॅटिंग ॲव्हरेज, शंभरात बेचाळीस वेळा हिट, म्हणजे काय खाऊ आहे का.

पण मला या सगळ्यापेक्षा २२ जूनची रात्र आठवते. ओमाहाला, कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये, वेक फॉरेस्टविरुद्ध, हरला तो घरी, समोर त्यांचा पिचर ऱ्हेट लाउडर, तोही तितकाच भारी. आम्ही खोलीत टीव्हीसमोर, मॅगी भांड्यातच थिजलेली. शून्य, शून्य, शून्य. तिसऱ्या स्ट्राइकआऊटला स्कीन्सनं बेन मॅकडोनाल्डचा १९८९ पासूनचा, आमच्या एसईसी गटातला एका सीझनमधल्या २०२ स्ट्राइकआऊटचा रेकॉर्ड मोडला आणि मी वहीत के काढायचाच विसरलो. आठव्या इनिंगला त्यांचा रनर तिसऱ्या बेसवर आणि बॅटरनं हळूच बंट केला (बॉल नुसता टेकवून जवळच पाडला), आता रन जाणार, संपलं म्हटलं, तर पहिल्या बेसवरचा ट्रे मॉर्गन वेड्यासारखा पुढे धावत आला, बॉल उचलला आणि पडता पडता कॅचरकडे फेकला, रनर आऊट. एवढ्याशा घरात आम्ही दोघांनी असा काही आरडाओरडा केला की खालच्यांनी छताला काठी ठोकली.

स्कीन्सचे आठ इनिंग, १२० बॉल, दोन हिट, नऊ स्ट्राइकआऊट, एकही रन नाही. आणि स्कोअर ०-० असतानाच तो बाहेर. अकराव्यात टॉमी व्हाइटनं होमरन मारला, २-०, जिंकलो, पण विन (जिंकल्याचं श्रेय) लागला नंतरच्या पिचरच्या नावावर.

आई तेवढ्यात फोनवर, तिकडे सकाळ. सगळं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे राबला हा आणि नाव दुसऱ्याचं?"

म्हटलं, "अगं तसं नसतं त्यात."

"तसंच असतं रे, आमच्या शाळेत पण तसंच होतं."

तीस वर्षं मास्तरकी केलीये तिनं, काय बोलणार. फायनलला स्कीन्सनं एकही बॉल टाकला नाही तरी स्पर्धेतला सर्वोत्तम म्हणून त्यालाच निवडलं, हे तिला कळवायचं राहूनच गेलं. आज ड्राफ्टचं सांगितलं तर पहिला प्रश्न, "मग पगार किती?"

आत्ता वही काढून ती रात्र परत बघितली. तिसरा के राहिलाच होता, तो पेन्सिलनं भरला. सरळ की उलटा ते काही केल्या आठवेना, मग दोन्ही काढले एकाच चौकटीत.